गाठीच्या आत काय चाललंय ते बघू द्या, दादा

दादा, मुळीवरच्या गाठीच्या माझ्या पोस्टखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. निमॅटोड (मातीतला डोळ्याला न दिसणारा सूत्रकृमी) मुळी खातो म्हणून गाठ येते, एवढी साधी गोष्ट, त्यात पेशी आन् केंद्रक (पेशीचा कारभार चालवणारा मधला गोळा) घालून शेतकऱ्याचा टाईम कशाला घालवता, औषध सांगा, असं तुमचं म्हणणं. औषधाचं लिहायचं राहिलं हे खरंय, बाकीचं मात्र मला पटलं नाही.

कारण तो मुळी खातच नाही ओ. अर्धा मिलिमीटर पण नसलेलं पिल्लू मुळीच्या टोकाजवळून आत शिरतं, पेशींच्या मधून सरकत मुळीतल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांपाशी जातं आन् तिथल्या पाच-सात पेशी धरून बसतं, तोंडातल्या सुईनं त्यात लाळ सोडतं. मग त्या पेशीतलं केंद्रक फुटून दोन, दोनाचे चार, असं होत जातं पण मधी भिंतच पडत नाही, एकाच पेशीत शंभराच्या आसपास केंद्रकं जमतात आन् पेशी शेकडो पट फुगते. शेजारच्या पेशी पण भराभर वाढतात, ती आपल्याला दिसणारी गाठ. झाडाचं अन्न तिकडं वळतं, नळ्या वाकड्यातिकड्या होतात, म्हणून ड्रिप चालू असताना पण दुपारी झाड माना टाकतं.

आता कामाचं ऐका. मादी एकदा बसली की तिला हलता येत नाही, त्या पाच-सात पेशी मेल्या की ती उपाशी मेली. टोमॅटोच्या काही जातीत एमआय नावाचा जीन (जनुक) असतो तो हेच करतो, किडा टोचायला लागला की झाड तेवढी जागाच मारून टाकतं. पण माती २८ अंशाच्या वर गेली की हा जीन ढिला पडतो, आन् आपल्या मराठवाड्यात एप्रिल-मेची माती तुम्हाला मी सांगायला नको. अंबडकडं मी उन्हाळी टोमॅटोला प्रतिकारक म्हणून महागाचं बी घेतलं, उपटून बघितलं तर मुळीला आल्याच्या कांड्यासारख्या गाठी. बी देणाऱ्यावर लई चिडलो होतो, कारण नंतर कळलं.

(सोयाबीनची गाठ वेगळी बरं का, ती नत्र देणाऱ्या जिवाणूंची, मुळीच्या बाजूला असते, नखानं सुटते, आतून गुलाबी निघते. ती उपटू नका.)

फुगलेली मुळी औषध ओतून परत सरळ होत नाही. जे करायचं ते लावणीच्या आधी: उन्हाळ्यात नांगरून रान तापू द्या, नर्सरीतल्या रोपाच्या मुळ्या धुऊन बघा, झेंडूचं एक पीक घ्या. तुमचं पीक कोणतं आन् लावण कधीची तेवढं लिहा, त्यावरून औषधाचं बोलू.