चार दिवसांची रोकड घरात हवीच

रोजचे जवळपास सगळे व्यवहार मी कार्डाने किंवा फोनवरून करते, आणि ते सोडायचा माझा अजिबात विचार नाही. तरीही घरात चार-पाच दिवस भागेल इतकी रोकड, तीही सुट्ट्या नोटांमध्ये, कायम असायलाच हवी असं माझं ठाम मत आहे. हा विषय काढला की समोरून ठरलेलं उत्तर येतं, "आता रोख कोण वापरतं?" खरं आहे, फार कोणी वापरत नाही. म्हणूनच हे लिहिते आहे. सगळेच रोख वापरत होते तेव्हा वेगळी तरतूद करायची गरज पडत नव्हती. प्रत्येकाच्या खिशात, डब्यात, कपाटात काही ना काही असायचंच. आता तसं आपोआप उरत नाही, ठरवून ठेवावं लागतं.

कार्ड यंत्राला टेकवलं की दोन-तीन सेकंदांत पैसे जातात, त्यामुळे मधला प्रवास आपल्याला दिसत नाही. विक्रेत्याकडचं यंत्र आधी त्याच्या बँकेकडे विचारणा पाठवतं. तिथून ती व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या जाळ्यात जाते आणि मग आपल्या बँकेपर्यंत पोचते. आपली बँक पाहते की खात्यात पैसे आहेत का, कार्ड चालू आहे का, व्यवहार संशयास्पद तर वाटत नाही ना. मग होकार आला तर त्याच वाटेने उलटा परत येतो. या सगळ्याला वीज लागते, इंटरनेट लागतं, आणि तीन-चार वेगवेगळ्या संस्थांचे संगणक एकाच वेळी धड चालू असावे लागतात. त्यातला एक जरी अडकला तर खात्यात कितीही पैसे असोत, त्या क्षणी ते आपल्या उपयोगाचे नसतात.

हे घडून गेलेलं आहे. १ जून २०१८ ला, शुक्रवारी दुपारी, व्हिसाच्या युरोपातल्या एका डेटा सेंटरमधला स्विच, म्हणजे व्यवहारांची माहिती पुढे पाठवणारं उपकरण, बिघडलं. ते पुरतं बंद पडलं असतं तर राखीव स्विचने काम हाती घेतलं असतं. पण ते अर्धवट बिघडलं, आणि त्यामुळे राखीव स्विच सुरूच झाला नाही. मध्यरात्र उलटेपर्यंत सुमारे ५२ लाख व्यवहार फसले. दुसरा प्रसंग कॅनडातला. ८ जुलै २०२२ ला रॉजर्स या दूरसंचार कंपनीचं जाळं अद्ययावत करण्याचं काम चालू असताना कोसळलं, आणि त्यासोबत इंटरॅक ही डेबिट कार्डाची सेवा देशभर बंद पडली. ज्यांनी आयुष्यात कधी रॉजर्सचं सिमकार्ड घेतलं नव्हतं त्यांचंही डेबिट कार्ड त्या दिवशी चाललं नाही. मला हा प्रसंग सर्वांत बोलका वाटतो. आपली बँक चांगली आहे, आपला फोन चांगला आहे, एवढ्याने आपण सुरक्षित होत नाही, कारण कोण कोणाच्या आधाराने उभं आहे हे बाहेरून कळतच नाही.

वीज गेली तर प्रश्नच मिटला. ६ सप्टेंबर २०१८ च्या पहाटे जपानमधल्या होक्काइदो बेटावर भूकंप झाला आणि जवळपास सगळ्या बेटाची वीज गेली. २८ एप्रिल २०२५ ला भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले. बहुतेक भागांत दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वीज आली, म्हणजे फार काळ लोटला नाही. पण त्या तासांत ज्यांच्याकडे रोख होती ते पाणी, खायचे पदार्थ, बॅटऱ्या विकत घेऊ शकले. बाकीच्यांपैकी अनेकांना रिकाम्या हाताने परतावं लागलं. भारतात २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये यूपीआय एकाहून अधिक वेळा अडखळलं, तेव्हा तर ना भूकंप होता ना वादळ.

यावर कोणीतरी म्हणतंच, "एवढंच ना? मग एटीएममधून काढू." एटीएमलाही वीज लागते, जाळं लागतं, आणि त्यालाही आपल्या बँकेचा होकार लागतो. कार्ड ज्या कारणाने चालत नाही, बऱ्याचदा त्याच कारणाने एटीएमही चालत नाही. चालत असलं तरी त्या दिवशी सगळं गाव तिथेच रांगेत असतं आणि यंत्रात भरलेल्या नोटा मोजक्याच असतात. आमच्याकडे याला तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात.

काही यंत्रं जाळं नसतानाही व्यवहार नोंदवून ठेवतात आणि नंतर पुढे पाठवतात, हेही खरं आहे. चिपच्या कार्डांमध्ये तशी सोय करता येते. पण ती वापरायची की नाही आणि किती रकमेपर्यंत, हे बँक आणि विक्रेता ठरवतात. पैसे बुडाले तर कोणाचे, हा प्रश्न त्यात असतो. आपल्या वेळेला ती सोय असेल, या भरवशावर मी तरी राहणार नाही.

आणि एवढं मोठं काही व्हायची गरजही नाही. बहुतेकांवर वेळ येते ती अगदी एकट्यापुरती. कार्डाची मुदत संपलेली असते आणि नवं अजून टपालात असतं. चिप झिजते. पिन चुकून तीनदा चुकीचा दाबला जातो. परगावी गेल्यावर बँकेच्या सुरक्षा यंत्रणेला आपलाच व्यवहार संशयास्पद वाटतो आणि ती कार्ड अडवते. फोन हरवतो आणि त्याच्याबरोबर सगळी ॲप्स जातात. बातमी होत नाही, कोणी दिलगिरी व्यक्त करत नाही, ग्राहक सेवेच्या नंबरवर संगीत ऐकत बसावं लागतं. देशभराची यंत्रणा कोसळण्यापेक्षा हे कितीतरी जास्त वेळा घडतं, आणि घरातल्या रोकडीचा खरा उपयोग मला इथेच दिसतो. रात्री डॉक्टरांकडे धाव घ्यावी लागली तर त्या क्षणी बँकेशी वाद घालायची ताकद कोणातच नसते.

ज्या देशांनी रोख जवळपास सोडून दिली, तेच आता लोकांना रोख ठेवायला सांगत आहेत. युरोपातल्या पहिल्या कागदी नोटा १६६१ मध्ये स्वीडनमध्ये निघाल्या. त्याच स्वीडनमध्ये आज रोखीचा वापर जगात सर्वांत कमी असलेल्यांमध्ये मोडतो. तिथल्या सरकारने २०२४ च्या अखेरीस घरोघरी एक पुस्तिका पाठवली. संकट आलं किंवा युद्ध झालं तर काय करायचं याची ती पुस्तिका आहे, आणि तिच्यात किमान आठवडाभर पुरेल इतकी रोकड, वेगवेगळ्या किमतीच्या नोटांमध्ये, जवळ ठेवा असं स्पष्ट लिहिलं आहे. नेदरलँड्सच्या मध्यवर्ती बँकेने मे २०२५ मध्ये आकडाच दिला. पहिल्या ७२ तासांसाठी प्रत्येक प्रौढामागे ७० युरो आणि प्रत्येक मुलामागे ३० युरो, त्यात पाणी, अन्न, औषधं आणि प्रवास धरलेला. ही माणसं घाबरट नाहीत, आणि डिजिटल व्यवहारांच्या विरोधात तर मुळीच नाहीत. यंत्रणा आतून कशी चालते हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे, म्हणून मी त्यांचं म्हणणं गांभीर्याने घेते.

डच बँकेच्या आकड्यातली मला पटलेली गोष्ट म्हणजे तो लहान आहे. अडीअडचणीची रोकड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गादीखाली लपवलेली आयुष्यभराची कमाई येते, आणि मग चोरीची भीती, व्याजाचं नुकसान, महागाई हे सगळे आक्षेप लगेच समोर येतात. तेवढी रक्कम घरात ठेवायची असेल तर ते आक्षेप अगदी रास्त आहेत. मी ते कोणालाही सुचवणार नाही. चार-पाच दिवसांचं अन्न, औषधं, एकदा डॉक्टर आणि घरी परतण्याचं भाडं, एवढ्याच रकमेबद्दल बोलते आहे. तिच्यावर वर्षभरात बुडणारं व्याज नगण्य असतं. ती चोरीला गेली तर वाईट वाटेल, पण संसार उघड्यावर पडणार नाही. किती रक्कम, याचा एक साधा हिशोब आहे. मागच्या महिन्याचं खात्याचं विवरण उघडा, त्यातून भाडं, हप्ते, वर्गण्या असले महिन्यातून एकदा जाणारे खर्च वगळा. उरलेल्या रोजच्या खर्चातून चैनीचा भाग काढला की चार दिवसांचा आकडा समोर येतो. बहुतेकांचा तो वाटतो त्यापेक्षा कमी निघतो. नियमित औषधं घ्यावी लागतात त्यांनी मात्र औषधांचा खर्च हात राखून धरू नये.

रकमेपेक्षा मला जास्त आग्रहाने सांगायचं आहे ते सुट्ट्यांबद्दल. मोठ्या नोटांचं जाडजूड बंडल ऐनवेळी जवळपास निरुपयोगी ठरू शकतं. यंत्रणा बंद पडली की सगळेच रोख घेऊन निघतात, सगळ्यांच्या हातात मोठ्या नोटा असतात, आणि पहिल्या तासाभरात विक्रेत्याची मोड संपते. मग एक तर वस्तू मिळत नाही किंवा उरलेल्या पैशांवर पाणी सोडावं लागतं. ग्रीसमध्ये जून २०१५ च्या अखेरीस बँका बंद झाल्या आणि एटीएममधून दिवसाला ६० युरोच काढायची मर्यादा आली. पण २० च्या नोटा संपत आल्यामुळे अनेक यंत्रांतून ५० युरोच निघत होते. नोट कोणत्या किमतीची आहे यावरून माणसाला रोज दहा युरो कमी मिळत होते! म्हणून रक्कम निम्मी ठेवा हवं तर, पण तिच्यातल्या बहुतेक नोटा लहान असू द्या, आणि थोडी नाणीही असू द्या. मोठी नोट एखादीच पुरे, डॉक्टरांसाठी.

ग्रीसचा प्रसंग आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावा. तिथे यंत्रं बिघडली नव्हती, सरकारने निर्णय घेतला होता. सायप्रसमध्ये मार्च २०१३ मध्ये बँका जवळपास दोन आठवडे बंद होत्या, त्याही निर्णयामुळेच.

याच्या उलट बाजूही आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. नोटाही रद्द होतात. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री भारतात ५०० आणि १,००० च्या नोटा चलनातून गेल्या, आणि मूल्याच्या हिशोबाने चलनातली सुमारे ८६ टक्के रोकड एका भाषणानंतर बाद झाली. त्या वेळी ज्यांच्याकडे लहान नोटा होत्या त्यांचं चाललं, आणि ज्यांच्याकडे डिजिटल सोय होती त्यांचंही चाललं. त्यामुळे फक्त रोखीवर विसंबणं हे मला फक्त कार्डावर विसंबण्याइतकंच धोक्याचं वाटतं. दुसऱ्या बँकेचं, दुसऱ्या जाळ्याचं एक कार्ड असावं, ते रोजच्या पाकिटात नसावं, आणि त्यासोबत ही रोकड असावी. एक वाट बंद झाली तर दुसरी उघडी राहिली पाहिजे.

नोटा कायम त्याच ठेवू नयेत. ओल लागते, कसर लागते, जुनी मालिका मागे घेतली जाते आणि आपल्याला पत्ताच नसतो. वर्षातून एक-दोनदा या राखीव नोटा खर्चून टाकाव्यात आणि नव्या ठेवाव्यात. हवाबंद पिशवीत, कोरड्या जागी, पण चोर पहिल्यांदा जिथे हात घालतो तिथे नको. थोडी रक्कम घराबाहेर पडताना नेहमीच्या बॅगेत, पाकिटापासून वेगळी ठेवावी, कारण पाकीट हरवतं तेव्हा कार्ड आणि नोटा एकत्रच जातात. आणि या राखीव रोकडीतून उसने घ्यायचे नाहीत. आज सुट्टे नाहीत म्हणून त्यातले दोन काढले, उद्या परत ठेवू, असं म्हटलं की ती रोकड महिनाभरात संपते. मी ते कोणालाच करू देत नाही, स्वतःलाही नाही.

ही रोकड कुठे आहे हे घरातल्या किमान दोघांना माहीत असलं पाहिजे. हे मी मुद्दाम वेगळं लिहिते आहे, कारण बहुतेक घरांत सगळा डिजिटल व्यवहार एकाच माणसाच्या फोनवर असतो. तो माणूस प्रवासात असेल, आजारी असेल, त्याच्या फोनची बॅटरी संपलेली असेल, तर बाकीच्यांच्या हातात काहीच नसतं. घरातली वयस्कर माणसं आणि शिकायला बाहेर राहणारी मुलं यांच्या बाबतीत तर मला याची खरोखर काळजी वाटते. पिन विसरला म्हणून ताटकळलेल्या आजोबांना रांगेतली माणसं कशी बघतात, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. त्यांच्याजवळ थोडे पैसे असणं हा त्यांच्या सन्मानाचाही प्रश्न आहे.

आता राहिली समोरच्याची बाजू. आपल्याकडे रोख असून विक्रेता ती घेऊ शकला नाही तर? जुलै २०२१ मध्ये स्वीडनमधल्या कूप या दुकानांच्या साखळीवर सायबर हल्ल्याचा परिणाम झाला. गल्ल्यावरची यंत्रंच बंद पडली आणि सुमारे ८०० पैकी बहुतेक दुकानं बंद ठेवावी लागली. तिथे नोटांचा काही उपयोग नव्हता. म्हणून हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या घरात सोडवून संपत नाही. नॉर्वेने १ ऑक्टोबर २०२४ पासून ग्राहकाचा रोखीने पैसे देण्याचा हक्क कायद्याने पक्का केला. माझ्या मते औषधं, अन्न, प्रवास आणि दवाखाना या चार गोष्टी जे विकतात किंवा चालवतात त्यांच्यावर तरी असं बंधन सगळीकडे हवं, आणि वीज नसताना हाताने पावती फाडून विक्री करता येईल अशी त्यांची तयारीही हवी. "फक्त ऑनलाइन" अशी पाटी दिसते तिथे मी आवर्जून विचारते, यंत्र बंद पडलं तर काय करता? उत्तर मिळत नाही, पण प्रश्न मालकापर्यंत जातो. तुम्हीही विचारा. सुरुवात जिथून नेहमीची औषधं घेता तिथूनच करा, आणि काय उत्तर मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा.