आतून निगेटिव्ह

बास गिटार वाजवणाऱ्याला लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, "गिटार वाजवता वाटतं?" आणि वाद्य जवळून पाहिलं की दुसरा, "मग याच्या दोन तारा तुटल्या का?" तुटलेल्या नाहीत. सहसा चारच असतात. जाड असतात, महाग असतात, आणि त्यांचा आवाज मोबाइलच्या स्पीकरमधून जवळजवळ येतच नाही. त्यामुळे आमच्या बँडचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर पडला की गायिकेचं कौतुक होतं, गिटारवाल्याचं होतं, आणि मला मावशी लिहिते, "बारीक झालास रे."

अशा माणसाने मल्टीइफेक्ट पेडल, म्हणजे वाद्याचा आवाज हवा तसा बदलून देणारा पायाशी ठेवायचा खोका, का घ्यावा, हा बायकोचा प्रश्न. उत्तर पायाशी आहे. गिटारवाल्याच्या पायाशी लाल-निळे दिवे लुकलुकत असतात. कीबोर्डवाल्याकडे बासरीपासून हेलिकॉप्टरपर्यंत शेकड्यांनी आवाज. माझ्या पायाशी फक्त माझी चप्पल. पुढे येऊन सोलो वाजवायची हौस नाही, पण आपल्यालाही वाकून एखादा नॉब फिरवता यावा, एवढी माफक इच्छा माणसाला असू शकते.

खोका तसा साधा. एका बाजूने गिटारची केबल आत, दुसऱ्या बाजूने अ‍ॅम्पची, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीची, बाहेर. मधल्या मध्ये ते यंत्र आवाजाचं सेकंदाला ४४,१०० वेळा माप घेतं, त्याचे आकडे करतं, आकड्यांवर हवे ते संस्कार करून पुन्हा आवाज बनवतं. या सगळ्याला दोन-चार मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात आवाज हवेतून जेमतेम मीटरभर जातो, म्हणजे अ‍ॅम्पपासून एक पाऊल मागे उभं राहिल्याएवढा उशीर. आमचा गिटारवाला समेवर याहून उशिरा येतो, तेही कुठल्याही यंत्राशिवाय.

तर पेडल आलं. सोबत सात-आठ भाषांतलं माहितीपत्रक आलं. अडॅप्टर आला नाही. तो वेगळा घ्यायचा. पेन्सिल सेलवर चालतं, पण किती वेळ, ते सेल आणि पेडल आपसात ठरवतात, आपल्याला सांगत नाहीत. बरं, घरात अडॅप्टरांचा अख्खा ड्रॉवर आहे, नऊ व्होल्टचेही आहेत. पण पेडलच्या पाठीवर एक बारीक चित्र होतं. मध्ये टिंब, भोवती अर्धवट गोल, एकीकडे अधिक, एकीकडे उणे. रेघ धरून गेलं की टिंबापाशी उणे. म्हणजे पिनच्या आत निगेटिव्ह, बाहेर पॉझिटिव्ह. घरातले राउटर, स्पीकर आणि बंद पडलेली फोटोफ्रेम हे सगळे आतून पॉझिटिव्ह. गिटारची पेडलं मात्र उलटी. जुन्या काळी पेडलमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असायची. अडॅप्टर खुपसला की बॅटरी आपोआप तुटावी म्हणून ही जोडणी सोयीची होती. पुढे बॅटऱ्या गेल्या, रीत राहिली. आपल्याकडे या गोष्टीचं नवल वाटायचं कारण नाही.

पुण्यात अशा अडचणीला एकच पत्ता. बुधवार पेठ, पासोड्या विठोबाजवळ, तपकीर गल्ली. इथे रिमोटच्या रबरी बटणांपासून वॉशिंग मशीनच्या कपॅसिटरपर्यंत सगळं मिळतं, गाडी लावायला जागा तेवढी मिळत नाही.

"नऊ व्होल्टचा अडॅप्टर द्या."

काउंटरवर अडॅप्टर आदळला.

"हा आतून पॉझिटिव्ह आहे. मला आतून निगेटिव्ह पाहिजे."

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "साहेब, सगळे आतून पॉझिटिव्हच असतात."

"याला नाही चालत."

"कशाला लावायचाय?"

"गिटारच्या पेडलला."

"गिटारला लाइट कशाला लागते?"

मागे सीसीटीव्हीची वायर घ्यायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, "चायनाचं असेल." यावर दुकानातल्या सर्वांचं एकमत झालं. मी चित्र दाखवलं. दुकानदाराने ते उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं आणि आत हाक मारली, "अरे, यांचं उलटं करून दे."

आतून एक पोरगा आला. त्याने एक अवाक्षर विचारलं नाही. कटरने वायर मधोमध तोडली, टोकं दातांनी सोलली, दोन्ही बाजूंना काळी बाही चढवली, लालवाली काळीला आणि काळी लालला पिळली, सोल्डरिंगचा एकेक थेंब सोडला, बाही वर सरकवून लायटरने आवळली. मग मीटरची एक सुई पिनच्या पोटात, एक पाठीला. आकड्याच्या आधी आडवी रेघ आली. "आला मायनस," तो म्हणाला आणि आत गेला. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी नेमकी कशावर घालवली, याचा विचार करत उभा राहिलो. अडॅप्टरचे २५० झाले, निगेटिव्हचे ३०.

घरी येऊन जोडलं. दिवा लागला. तारांना हात लावायच्या आधीच खोक्यातल्या सूर ओळखणाऱ्या ट्यूनरने सूर दाखवला: जी, थोडा चढा. यात भुताटकी नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि बासच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला, म्हणजे दांडीवरच्या तिसऱ्या पडद्याला, निघणारा जी ४९ हर्ट्झचा. भिंतीतल्या वायरिंगची आणि माझ्या नव्या निगेटिव्हची गुणगुण खोक्यात शिरत होती. तारांवर हात ठेवला की ती कमी होते, कारण तारा अर्थला जोडलेल्या असतात आणि मग आपणही. थोडक्यात, गप्प बसायचं असेल तरी वाद्य धरून बसावं लागतं.

मग पॅच. कारखान्यातून पन्नासेक तयार आवाज भरून येतात. दुकानात उभ्या गिऱ्हाइकाला अर्ध्या मिनिटात गटवायचं एवढंच त्यांचं काम, म्हणून एकेकात सगळं कोंबलेलं. एका आवाजाचे अनेक भासवणारा कोरस आहे, मागून पडसाद देणारा डिले आहे, घुमवणारा रिव्हर्ब तर इतका की जेवायच्या आधी छेडलेला स्वर ताक पिईपर्यंत घरात होता. एका पॅचमध्ये मी एक तार छेडली तर तीन वाजल्या, त्यातली एक दुसऱ्याच पट्टीत. बायको दारातून म्हणाली, "अरे, हे सगळं त्या मूळ आवाजाला लपवायला आहे का?" इतकं नेमकं परीक्षण मला इंटरनेटवरही सापडलं नव्हतं.

मला खरी गंमत वाटली ती अ‍ॅम्पच्या यादीची. जगातल्या गाजलेल्या अ‍ॅम्पच्या नकला यात भरलेल्या असतात, पण ट्रेडमार्कच्या भीतीने नाव थेट घेता येत नाही. म्हणून सगळा कारभार नव्या नवरीच्या उखाण्यासारखा. आडनावाचं आद्याक्षर, जन्मसाल, स्पीकर किती, एवढं सांगायचं आणि लाजून थांबायचं. ओळखायचं आपण. "आठ स्पीकर, दहा इंच, व्हॉल्व्हवाला" म्हटलं की समजायचं, अँपेगचा एसव्हीटी. १९६९ सालचा, ३०० वॅटचा धिप्पाड गडी, मोठाल्या मैदानांत वाजण्यासाठी बनवलेला. त्याच्या आठ स्पीकरच्या कॅबिनेटला जगभरचे बासवाले प्रेमाने 'फ्रिज' म्हणतात, कारण उंची तेवढीच आणि उचलायला माणसंही तेवढीच. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. तो फ्रिज आता माझ्या स्कूटरच्या डिकीत मावतो. आवाज तसाच येतो का? खरा मी कधी ऐकलेला नाही, त्यामुळे हुबेहूब येतो.

फझ, म्हणजे आवाज फाडणारा इफेक्ट, लावला तेव्हा आई स्वयंपाकघरातून धावत आली. "काहीतरी जळतंय बघ. मिक्सर बंद कर आधी."

आता आईला हे कोणी सांगितलं नव्हतं, पण फझची जन्मकथा अगदी हीच आहे. अमेरिकेत नॅशव्हिलला १९६० च्या अखेरीस मार्टी रॉबिन्स यांच्या एका गाण्याचं रेकॉर्डिंग चाललं होतं. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बास वाजवत होते आणि नेमक्या त्यांच्या चॅनलवर मिक्सरमधला ट्रान्सफॉर्मर बिघडला. आवाज फाटला. तो तसाच ठेवला, गाणं १९६१ मध्ये तुफान चाललं, आणि लोक विचारू लागले, हा आवाज काढायचा कसा? तेव्हा रेकॉर्डिंगचे इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारं सर्किट तयार केलं. त्याचंच पुढे १९६२ मध्ये बाजारात पेडल आलं. जगभरच्या गिटारवाल्यांनी ज्याच्या जिवावर साठ वर्षं मिरवलं, तो फाटका आवाज पहिल्यांदा गाजला तो बासवर, आणि तोही मिक्सर बिघडल्यामुळे. आईला मी हे सगळं सविस्तर सांगितलं. "मग बंद केलास ना?" ती म्हणाली.

ऑक्टेव्हर मात्र घरापुरता राहिला नाही. वाजवलेल्या स्वराच्या एक सप्तक खालचा स्वर तो सोबत जोडतो. बासची जाड तार मोकळी सोडली की ४१ हर्ट्झ. तिच्या खालचं सप्तक म्हणजे साडेवीस, आणि माणसाचा कान साधारण वीसला हात टेकतो. इतक्या खाली यंत्रालाही स्वराचा माग नीट लागत नाही, ते मध्येच गुरगुरतं. माझा दहा इंची अ‍ॅम्प तर तो स्वर काढूच शकत नाही, नुसता थरथरतो. ती थरथर फरशीतून खाली उतरते.

खाली सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. काकांना तो पाण्याचा पंप वाटला. टाकी भरली तरी पंप चालूच, म्हणून ते तरातरा खाली गेले, तर पंप बंद. वर येऊन टेकले, तर मी पुढचा पॅच लावलेला. दुसऱ्या दिवशी वॉचमनची उलटतपासणी झाली. मग पंपाच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने कानाला स्क्रूड्रायव्हर लावून पंप ऐकला, बेअरिंग गेल्याचं निदान केलं आणि नवीन टाकलं. खर्च सर्व सभासदांत सारखा वाटण्यात आला, त्यात मीही आलो. तेव्हापासून मी हेडफोनवर वाजवतो. बेअरिंग बदलल्यापासून एकदम आराम आहे, असं काका सगळ्यांना सांगतात.

हेडफोन घातले की मी मैदानभर लोकांपुढे असतो आणि बाहेरच्यांना ऐकू येते ती फक्त तारांची टिकटिक. बायको म्हणाली, "याच्यात आवाज बंद करायची सोय आहे, हे आधी सांगितलं असतंस तर पैसे मीच दिले असते."

कॉम्प्रेसरबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मोठा स्वर दाबतो, लहान उचलतो, आणि चालू आहे की बंद ते कोणालाच कळत नाही. सगळ्या खोक्यात मला खरोखर आवडलेली गोष्ट हीच.

राहिला सराव. तो कर्वेनगरला कीबोर्डवाल्याच्या गच्चीवरच्या खोलीत होतो. अंतऱ्याला पायाने कोरस लावायचा बेत मी आठवडाभर मनात घोळवला होता. पण या पेडलचे दोन फूटस्विच कोणा नाजूक पावलाच्या माणसाचं माप घेऊन बसवलेत. आपण एक दाबावा तर दोन्ही दाबले जातात, आणि दोन्ही एकदम दाबून धरले की ट्यूनर चालू होऊन बाकी आवाज पूर्ण बंद. अंतरा आला, मी पाय ठेवला, आणि गाण्याखालून बास नाहीसा झाला. मी वाकून धडपडत होतो. दोन ओळी गेल्या. वर पाहिलं तर कीबोर्डवाल्याचा डावा हात शांतपणे माझ्या जागा भरत होता.

"तू थांबलास म्हणून मी धरलं," तो नंतर म्हणाला. "छान गेलं ना?"

ही भीती प्रत्येक बासवाल्याच्या मनात असते आणि ती खुळी नाही. रोलँड कंपनीने १९८१ मध्ये टीबी-३०३ नावाची चंदेरी पेटी काढली होती ती त्यासाठीच. एकट्याने वाजवणाऱ्या गिटारवाल्याला बासवाल्याची गरज पडू नये म्हणून. पेटीला बास काही जमला नाही, १९८४ मध्ये ती बंद झाली. पण मधल्या काळात, १९८२ मध्ये, मुंबईत चरणजित सिंग यांनी ती हाताशी धरली आणि तिच्या साथीने डिस्कोच्या ठेक्यावर रागांची अख्खी रेकॉर्ड केली. आणि हे चरणजित सिंग कोण, तर हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बास गिटार वाजवणारे! त्यांना हटवायला आलेल्या यंत्राला त्यांनी रियाजाला बसवलं.

हे मी कीबोर्डवाल्याला जरा जोरात सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर आहे. पण मला बास जमतो."

ड्रमर मात्र ऐकता ऐकता गंभीर झाला. "त्या रेकॉर्डवर ठेका कोणी धरला?"

"टीआर-८०८ ने. तीही रोलँडचीच पेटी."

"म्हणजे माणूस नव्हताच?" त्याने माझ्या पायाकडे पाहिलं. "तुझ्या या खोक्यात ठेका आहे का?"

आहे. सरावासाठी साठ-सत्तर तरी आहेत. ते ऐकून तो काठ्या खाली ठेवून पेडलसमोर उकिडवा बसला आणि नॉब फिरवत यादी वाचू लागला. रॉक, फंक, शफल, बोसा.

"केहरवा?"

"नाही."

"दादरा?"

"वॉल्ट्झ आहे, तीनाचा."

"ते नको सांगूस. लावणीचा आहे?"

"नाही."

त्याने खात्रीसाठी यादी शेवटपासून पहिल्यापर्यंत पुन्हा फिरवली. मग गुडघे झटकत उठला. सरावाच्या खोलीत आजवर कधी खिशात हात न घातलेला तो माणूस म्हणाला, "चहा माझ्याकडून."

सोबत क्रीमरोलही आले. कीबोर्डवाल्याच्या वाट्याचा मी खाल्ला.