‘घरबसल्या’ म्हणणाऱ्या वाचकास

‘स्पष्टवक्ता’जी,

कॅमेऱ्यावरचा आयएसओ आकडा, म्हणजे फिल्म किंवा सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ते सांगणारा आकडा, कोण ठरवतं (आयएसओ ही आंतरराष्ट्रीय मानक संस्था, एका देशाला एक मत देऊन), या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘एक देश, एक मत ही निव्वळ धूळफेक. समितीत बसतात ते कंपन्यांचे पगारदार. लेखक घरबसल्या ज्ञान पाजळतोय. आणि आयएसओचं काम 1947 ला सुरू झालं, 1946 ला नव्हे.’

सालाचं आधी. आयएसओ स्थापायचं ठरलं ती लंडनची बैठक 1946 ची, कामाला सुरुवात फेब्रुवारी 1947 ला. चूक माझी, दुरुस्त केली, आभार.

आता ‘घरबसल्या’. मुद्दा मांडायला हा शब्द लागतोच का हो? 1984 पासून सांगलीत माझी डार्करूम होती. तेव्हा फिल्मच्या खोक्यावर ‘100 एएसए’ आणि ‘21 डिन’ असे दोन आकडे पाहिलेत. पुढे त्यांचं ‘आयएसओ 100/21°’ झालं: डावीकडे अमेरिका, उजवीकडे जर्मनी, मध्ये एक तिरकी रेघ. दोन देशांचा तह बोटभर जागेत छापलेला! एका लग्नात प्रकाश मोजायचं मीटर 400 वर राहिलं आणि आत फिल्म होती 100 ची. निगेटिव्ह एवढ्या पातळ निघाल्या की खाली लग्नपत्रिका ठेवली तर मुहूर्त वाचता आला असता. वधूपित्यासमोर मी उभा होतो, तुम्ही नव्हतात. त्या आकड्याची किंमत मला कुणी शिकवू नये.

आयएसओतली फोटोग्राफीची तांत्रिक समिती म्हणजे टीसी 42. सचिवालय अमेरिकेच्या मानक संस्थेकडे, एएनएसआयकडे. मसुदा पुढे जायला मत देणाऱ्या सहभागी देशांपैकी दोन तृतीयांश बाजूने लागतात, आणि विरोध एकूण मतांच्या चौथाईहून जास्त चालत नाही. जपानने कितीही कॅमेरे बनवोत, मत एकच. याला धूळफेक म्हणायचं?

राहिले पगारदार. ते मी लेखातच लिहिलंय, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. तिथवर पोचला असाल तर. डिजिटल कॅमेऱ्याचा हा आकडा कसा काढायचा ते सांगणाऱ्या 2006 च्या 12232 मानकात एसओएस आणि आरईआय या दोन पद्धती आल्या त्या सीपाकडून, म्हणजे जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेकडून. आरईआयमध्ये तर आकडा कंपनीच सुचवते. असेल. पण सेन्सर मोजायला मंडईतले भाजीवाले बोलवायचे का?

बाकी सगळं तुमच्यापाशीच राहू द्या. पुढच्या खेपेला खऱ्या नावाने लिहा, म्हणजे हा ‘जी’ कुणाला लावतोय ते तरी कळेल.