पंपाखालचे छिद्र बुजवू नका : बोटीच्या पाणीगळतीवरील ‘पाच अक्सीर उपायां’चा समाचार

कोकणातल्या मच्छीमारांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या ‘जुन्या बोटीच्या इंजिनाची पाणीगळती : पाच अक्सीर उपाय’ या मथळ्याचा एक संदेश फिरतो आहे. इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी ओढणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या पंपाखालच्या छिद्रातून पाणी ठिबकत असेल तर ते एम-सील लावून किंवा स्क्रू बसवून बंद करावे. इंजिनात फिरणाऱ्या गोड्या पाण्याच्या टाकीतले पाणी कमी होत असेल तर तीत हळद किंवा अंड्याचा पांढरा भाग घालावा. पांढरा धूर दिसला की हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांमधली पातळ चकती) गेले असे समजून हेड उघडावे. थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून टाकावा, म्हणजे इंजिन थंड राहून गळती थांबते. आणि टाकीतले पाणी समुद्राच्या पाण्याने थंड करणाऱ्या कूलरमधले जस्ताचे कांब ही कंपन्यांची लुबाडणूक असल्याने त्यांच्या जागी पितळी बूच बसवावे, असे ते पाच उपाय आहेत. हर्णेला बोट असलेल्या माझ्या भावोजींपर्यंत हा संदेश पोचला, आणि त्यांनी फोन करून मला एवढेच विचारले, की छिद्रासाठी एम-सील बरे की स्क्रू. हा प्रश्न ज्यांना पडला आहे असे ते एकटेच नसणार, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या संदेशात पाच उपाय आहेत, पण पाणी कुठून येते हे कसे ओळखायचे याबद्दल एक वाक्यही नाही. इंजिनाखाली साचलेले पाणी इंजिनाचेच असते हे गृहीत धरण्याचे काहीच कारण नाही. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा शाफ्ट जिथून बोटीबाहेर जातो, तिथल्या दोरी भरलेल्या ग्लँडमधून शाफ्ट फिरत असताना मिनिटाला काही थेंब गळणे आवश्यकच असते, कारण त्या पाण्यावरच ग्लँडची दोरी थंड राहते. ती दोरी झिजली की हेच थेंब धारेत बदलतात आणि दोष मात्र इंजिनावर येतो. म्हणून बोट नांगरल्यावर तळातले पाणी उपसून कोरडे करावे, समुद्राचे पाणी आत घेणारी झडप, म्हणजे सी-कॉक, बंद करावा आणि सकाळी पाहावे. तरीही पाणी वाढले असेल, तर ते समुद्रातून इंजिनाच्या वाटेने आलेले नाही, आणि ग्लँड किंवा बोटीचे कवच तपासले पाहिजे. गळती इंजिनाचीच असेल, तर सगळे सांधे पुसून, खाली कोरडे वर्तमानपत्र अंथरून इंजिन चालवावे, म्हणजे पहिला थेंब कुठे पडतो ते दिसते. तो थेंब काचेवर वाळवला आणि मागे पांढरे मीठ उरले, तर पाणी खारे आहे. तो चाखून पाहण्याची सवय मात्र सोडावी, कारण टाकीत कूलंट असेल तर त्यातले इथिलीन ग्लायकॉल गोड लागते आणि ते विषारी असते.

आता त्या छिद्राविषयी. पाचांपैकी हाच उपाय असा आहे, की ज्याने चांगले इंजिन भंगारात जाऊ शकते. रबरी इंपेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाच्या) पंपाची जी सुट्या भागांची पुस्तिका मिळते, तिच्यातले छेदचित्र पाहावे. त्यानंतर या बाबतीत वाद घालण्यासारखे फारसे काही उरत नाही. पंपाच्या शाफ्टवर दोन वेगळी सील असतात. इंपेलरकडचे सील पाणी अडवते आणि इंजिनाकडचे सील तेल किंवा बेअरिंगमधले ग्रीस अडवते. या दोहोंच्या मध्ये मुद्दाम रिकामी जागा ठेवलेली असते, कित्येक पंपांत तिथे शाफ्टवर पाणी भिरकावणारी एक लहान रबरी कडी असते, आणि त्या जागेच्या तळाशी हे छिद्र असते. पाण्याचे सील झिजले की पाणी पुढे तेलाकडे न जाता या छिद्रातून बाहेर पडावे, आणि चालवणाऱ्याला ते दिसावे, एवढ्यासाठीच बनवणाऱ्याने ते पाडलेले आहे. छिद्रातून पाणी आले तर पाण्याचे सील गेले, तेल आले तर तेलाचे सील गेले, इतके सरळ निदान पूर्ण इंजिनात दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी मिळत नाही.

हे छिद्र बुजवले की बाहेरचा थेंब खरोखरच थांबतो, आणि म्हणूनच हा उपाय ‘अनुभवसिद्ध’ वाटतो. पाणी मात्र थांबलेले नसते. पंप पट्ट्यावर चालणारा असेल, तर ते बेअरिंगमध्ये शिरते, ग्रीस धुऊन काढते, आणि बेअरिंग जाम होऊन पट्टा तुटतो. हा त्यातल्या त्यात स्वस्त शेवट म्हणायचा. पंप थेट इंजिनाच्या गिअरवर बसवलेला असेल, तर तेलाच्या सीलच्या मागे खारे पाणी साचते. त्या सीलची ओठासारखी कडा तेलाच्या बाजूला तोंड करून असते. मागून दाब आला तर ती उचलली जाते आणि पाणी सरळ इंजिनाच्या तेलाच्या चेंबरमध्ये जाते. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल आणि सी-कॉक उघडाच राहिला असेल, तर बोट बंदरात नुसती उभी असतानाही ही गळती चालू राहू शकते. मग सकाळी तेल मोजायच्या डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली आणि रंग दुधाळ दिसतो. अशा तेलावर इंजिन चालवले तर बेअरिंगवर तेलाचा थर टिकत नाही, आणि न चालवता तसेच ठेवले तर मिठाने क्रँकशाफ्टला गंज चढतो. ज्याच्या तेलाची पातळी वाढली आहे अशा इंजिनाला स्टार्टर मारूच नये. तेल आणि फिल्टर त्याच दिवशी बदलून, स्वस्त तेलाने चेंबर पुन्हा पुन्हा धुऊन मगच पुढचा विचार करावा.

दुरुस्ती कठीण नाही. पंप उतरवून शाफ्ट काढावा आणि दोन्ही सील एकदमच बदलावीत. सील जिथे बसते तिथे शाफ्टवरून नख फिरवून पाहावे. नख खाचेत अडकले तर शाफ्टही बदलावा, नाहीतर नवे सील त्याच खाचेवर घासून लवकरच जाईल. इंपेलर बसवताना पेट्रोलियम ग्रीस वापरू नये, कारण त्याने रबर फुगते. ग्लिसरीन किंवा साबणाचे पाणी पुरते. जुन्या इंपेलरची पाती मोजावीत. एखादे कमी भरले तर ते पुढे कूलरच्या तोंडाशी अडकलेले असते, आणि ते शोधून काढल्याशिवाय पंप परत जोडण्यात अर्थ नाही.

हळदीच्या बाबतीत एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. घाटात रेडिएटर गळू लागल्यावर हळद टाकून पुढचे गॅरेज गाठणारे ट्रकचालक आहेत, आणि बारीक चीर असेल तर ती युक्ती काही काळ चालते. पण तिथे गाठायचे असते ते गॅरेज, इथे मात्र हाच उपाय कायमचा म्हणून सांगितला आहे. बोटीच्या कूलरमध्ये साधारणपणे नळ्यांच्या आतून समुद्राचे आणि बाहेरून टाकीचे पाणी वाहते. नळी फुटली तर टाकीचे पाणी समुद्रात निघून जाते. खाली थेंबही दिसत नाही, फक्त पातळी रोज उतरते. त्यात हळद किंवा अंडे घातले, तर त्याचा चिखल नळ्यांमधल्या अरुंद फटींत आणि हेडमधल्या बारीक वाटांत बसतो, आणि गळक्या इंजिनाचे तापणारे इंजिन होते. योग्य रीत अशी, की नळ्यांचा गठ्ठा काढून, एक बाजू बंद करून, कमी दाबाची हवा देत तो पाण्यात बुडवावा आणि बुडबुडे कुठल्या नळीतून येतात ते पाहावे. एखाददुसरी नळी दोन्ही टोकांना बूच मारून बंद करता येते. जास्त गेल्या असतील तर गठ्ठा बदलावा लागतो. आणि ज्या जुन्या इंजिनांत समुद्राचे पाणीच सरळ सिलिंडरभोवतीच्या जॅकेटमधून फिरते, त्यांना टाकीच नसते; त्या मालकांनी अंडे सी-कॉकमधून सोडायचे काय, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगितलेले नाही.

पांढऱ्या धुरावरून थेट हेड उघडणे हा महागडा उतावीळपणा आहे. थंड इंजिनातून न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर येतो आणि त्याला डिझेलचा उग्र वास असतो. ज्यात धुरात समुद्राचे पाणी सोडतात त्या ओल्या एक्झॉस्टमध्ये खारे पाणी कमी पडले तर त्याची वाफ होऊन तीही पांढरीच दिसते. म्हणून आधी समुद्राचे पाणी गाळणाऱ्या स्ट्रेनरमध्ये प्लास्टिकची पिशवी किंवा शेवाळ अडकले आहे का आणि इंपेलर शाबूत आहे का, ते पाहावे. हेड गॅस्केट गेले असेल तर बऱ्याचदा इंजिन चालू असताना टाकीत सतत बुडबुडे येतात. टाकीचे झाकण मात्र इंजिन थंड असतानाच काढावे. टाकीला झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा हातपंपाने भरून ठेवली आणि दाबाचा काटा खाली आला, तर गळती आहे हे हेड न उघडताच कळते.

थर्मोस्टॅटविषयी थोडक्यात. तो बंद अवस्थेत अडकला असेल तर किनारा गाठण्यासाठी काढणे योग्यच आहे. कायमचा काढला तर डिझेल इंजिन थंडच चालते, काजळी धरते आणि सिलिंडरचे लायनर झिजतात. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की गरम पाणी कूलरला वळसा घालून परत फिरत राहते आणि भाराखाली तापमान उलट वाढते. समुद्राच्या पाण्यावर थेट थंड होणाऱ्या इंजिनांचा थर्मोस्टॅट साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपासचा असतो, कारण त्याहून जास्त तापल्यास खाऱ्या पाण्यातले क्षार वेगाने साचू लागतात. सीलच्या गळतीशी या साऱ्याचा काहीही संबंध नाही.

राहिले जस्ताचे कांब. तांब्याच्या मिश्रधातूच्या नळ्या, ओतीव लोखंड आणि डाग दिलेले सांधे हे सगळे खाऱ्या पाण्यात एकत्र आले की त्यांच्यात विद्युत्‌प्रवाह सुरू होतो आणि त्यातला अधिक क्रियाशील धातू खाल्ला जातो. जस्त या सर्वांहून अधिक क्रियाशील असल्यामुळे आधी ते झिजते आणि बाकीचे वाचतात. ते संपते ही त्याची खोट नसून तेच त्याचे काम आहे. पितळी बूच बसवले की झिजण्याची पाळी सांध्यांवर आणि लोखंडावर येते. कांब निम्मे उरले की बदलावे. मासेमारी बंद असते त्या पावसाळ्याच्या काळात ते निदान एकदा तरी बाहेर काढून पाहावे, आणि पंपही त्याच वेळी उतरवावा.