बोला ना, ताई

मी बोलायला लागले की नवरा टीव्हीचा आवाज वाढवतो. माहेरी मला 'आकाशवाणी' म्हणायचे. बँकेच्या काउंटरवर बावीस वर्षं मी फाटक्या नोटेपासून नॉमिनीपर्यंत सगळं लोकांना बोलून बोलून पटवलंय. म्हणून पंचेचाळिशीत एम.ए.ला नाव घातलं आणि कळलं की इतिहासाच्या एका विषयात 100 पैकी 40 गुण वर्गात बोलण्याचे आहेत, तेव्हा घरी जाताना कॉलेज रोडवरच पाव किलो पेढे घेतले. 40 तर खिशात!

पहिल्या शनिवारी सरांनी एक कागद वाटला. सर माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण सर ते सर. कागदावर गुण मिळवायच्या वाटा कमी आणि घालवायच्या जास्त. नुसतं हजर राहणं म्हणजे सहभाग नव्हे. 'मलाही असंच वाटतं' म्हटलं तर शून्य. जे बोलाल ते वाचलेल्या मजकुराला धरून, पान क्रमांकासकट. दुसऱ्याचा मुद्दा पुढे नेलात तर उत्तम. मध्येच तोंड घातलंत तर गुण वजा. शुक्रवारी रात्री आठच्या आत एक पानी टिपण पाठवायचं, आणि त्यात उत्तरं नकोत, प्रश्न हवेत. सत्रात एकदा प्रत्येकाने चर्चा चालवायची. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात : ऐकण्याचे गुण 10.

ऐकण्याचे! आमच्या अख्ख्या घराण्याची तिथे दांडी गुल झाली असती.

बारा जण गोल करून बसलो. सर म्हणाले, "हं, करा सुरुवात," आणि गप्प बसले. शिक्षक गप्प बसलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. पंखा कुरकुरत होता. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती होईना. "बोला ना, ताई," सर म्हणाले आणि माझी जीभ टाळूला चिकटली. खरं सांगू? दहा वर्षं शाळेत 'हाताची घडी, तोंडावर बोट' करून मोठे झालेले आम्ही. तेव्हा गप्प बसल्याबद्दल बाई शाबासकी द्यायच्या, आता त्याच गुणाचे गुण कापले जात होते. माझा हात आपोआप घडी घालायला लागला, तो मी वेळेवर आवरला.

पुढच्या वेळी तयारीनिशी गेले. टिपणवहीत चार मुद्दे, चार पान क्रमांक. पहिला मुद्दा मनात तिसऱ्यांदा घोळवत होते, तेवढ्यात सातपूरहून येणाऱ्या मुलाने तो बोलून टाकला. दुसरा खिडकीशी बसणाऱ्या मुलीने घेतला, तोही माझ्यापेक्षा चांगल्या भाषेत. तिसऱ्याला माझा हात वर गेला, पण चर्चा 14व्या पानावर आणि मी अजून नवव्या. निळ्या शर्टातला एक दादा तर काहीही न वाचता "याकडे व्यापक दृष्टीने पाहिलं पाहिजे" असं दर शनिवारी म्हणतो आणि मान हलवतो. त्याची ती मान बघून मलाच वाटायचं, यानं वाचलंय, आपणच नाही.

घरी लेक इंजिनिअरिंगला. तो म्हणाला, "आई, पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी बोलून टाक आणि मोकळी हो." मी बोलले. "सर, पान सात खूप महत्त्वाचं आहे." "का?" सरांनी विचारलं. 'का'ची तयारी लेकाने करून घेतली नव्हती.

मग माझी चर्चा चालवायची पाळी आली. विषय आमच्या नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह, दलितांना देवळात प्रवेश मिळावा म्हणून झालेला. कागदावर स्पष्ट होतं : चालवणाऱ्याने कमी बोलावं, इतरांना बोलतं करावं. मी प्रश्न काढून नेले होते. पहिलाच विचारला, आणि निळा शर्ट म्हणाला, "तो एका दिवसाचा कार्यक्रम होता ना?"

आता, माझी आजी पंचवटीत राहायची. त्या देवळाच्या दारापाशी आम्ही उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढल्यात. मी म्हटलं, अहो, एक दिवस? 2 मार्च 1930ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारोंची मिरवणूक आली, दारं बंद मिळाली. दुसऱ्या दिवशी चारही दारांशी माणसं बसली. पहिल्या तुकडीत 125 पुरुष आणि 25 बायका. त्या 25 जणींचा विचार केलाय कधी? घरी पोरं कुणाजवळ ठेवली असतील? बाबासाहेबांचे इथले सहकारी दादासाहेब गायकवाड, त्यांनी ही लढत पुढे कशी तगवली? वर्षानुवर्षं चाललं हे! 1935ला येवल्यात बाबासाहेबांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' अशी घोषणा केली, तिच्यामागे या बंद दारांचा अनुभव नव्हता का? एवढं बोलून थांबायला हवं होतं. पण मग पूर्वेचं दार आलं, गोदाघाट आला, आजी आली, आजीच्या शेजारणी आल्या. कुणीतरी हात वर केलेला दिसला. "थांब हं, हे एवढं संपवते," म्हटलं. मधूनमधून मी प्रश्नही विचारत होते, उत्तरं मीच देत होते. घड्याळ पाहिलं तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती आणि स्कूटरवाला कधीच निघून गेला होता.

गुणांचा कागद पुढच्या शनिवारी मिळाला. वाचन : उत्कृष्ट. चर्चा चालवणे : 15 पैकी 4. ऐकणे : 10 पैकी 2. खाली सरांच्या वळणदार अक्षरात, 'प्रवचन आवडलं. चर्चा मात्र राहिली.'

लेकाने तो कागद मोबाइलवर टिपला आणि बापाला पाठवला. आतल्या खोलीतून टीव्हीचा आवाज एकदम कमी झाला.

"दोन कशाबद्दल दिले म्हणे?" नवऱ्याने विचारलं.