गपगुमान राहिलो म्हणून अमेरिकेने नागरिकत्व दिलं? असं घडलेलं नाहीये

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय, आमच्या घरच्या ग्रुपवर तर तिघांनी टाकला. सार असं की आपले लोक अमेरिकेत १९६५ नंतर डिग्र्या घेऊन गेले, कोर्टकचेऱ्या केल्या नाहीत, राजकारणात पडले नाहीत, गपगुमान कष्ट केले म्हणून अमेरिकेने आपणहून नागरिकत्व दिलं, आणि बाकीच्या देशांच्या लोकांनी हे आपल्याकडून शिकावं. टाकणारे अभिमानानेच टाकतात, हेतू वाईट नाहीये. पण यातला एकही मुद्दा टिकत नाही, आणि ज्यांनी खरंच सोसलं त्यांची नावंच यात पुसली जातात, म्हणून लिहितोय.

'१९६५ नंतर गेले.' नाही. ४ सप्टेंबर १९०७ ला वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये लाकडाच्या मिलमध्ये राबणाऱ्या पंजाबी मजुरांना गोऱ्या जमावाने मारहाण करून खोल्यांमधून बाहेर काढलं, काही दिवसांत सगळे गाव सोडून गेले. म्हणजे तेव्हा आपली माणसं तिथे होतीच. १९१२ ला कॅलिफोर्नियात स्टॉकटनला गुरुद्वारा उभा राहिला. मग १९१७ च्या कायद्याने भारतातून येणं जवळजवळ बंदच केलं, त्यामुळे मधली चाळीसेक वर्षं आकडा छोटा दिसतो.

'कोर्टकचेऱ्या केल्या नाहीत.' हा मुद्दा वाचून तर मी थक्क झालो, कारण नागरिकत्वाची सगळी लढाई सुरुवातीला कोर्टातच झाली. तेव्हाच्या कायद्यात बाहेरून आलेला माणूस गोरा किंवा आफ्रिकन वंशाचा असेल तरच नागरिक होऊ शकायचा. मुंबईचे पारशी भिकाजी बलसारा १९१० मध्ये अपील कोर्टात जिंकले. भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते, त्यांना १९१८ मध्ये नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढूनही घेतलं, दुसऱ्यांदा मिळालं तर सरकार सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९ फेब्रुवारी १९२३ ला निकाल लागला की सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात हिंदुस्थानी बसत नाहीत. इथे एक गोष्ट झाकून ठेवू नये. थिंद यांच्या बाजूने युक्तिवाद काय होता, तर आम्ही उच्च जातीचे, शुद्ध आर्य रक्ताचे, म्हणून गोरे. गोऱ्यांची रांगच चुकीची आहे असं कोणी म्हटलं नाही, आम्हालाही त्यात उभं करा एवढंच म्हटलं. मला ते पटत नाही, पण तेही आपल्याच इतिहासात आहे.

त्या निकालानंतर आधी नागरिक झालेल्यांचीही कागदपत्रं सरकार रद्द करत सुटलं. थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित, आणि त्यांच्यावरही तीच केस आली. मग स्वतःची केस त्यांनी अशी लढवली की तुमच्याच कोर्टाने मला नागरिक केलं, त्या भरवशावर मी इथे वकिली, घर, संसार उभा केला, आता हे सगळं काढून घेणं अन्याय आहे. १९२६ मध्ये अपील कोर्टात जिंकले, पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने सरकारचं ऐकायला नकार दिला आणि मग अशा केसेस थांबल्या.

'राजकारणात पडले नाहीत.' अहो, इंग्रजांना भारतातून हाकलायची गदर चळवळ सॅन फ्रान्सिस्कोतूनच चालली, १९१३ ला तिथेच पेपर निघाला. त्यात वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे होते, ज्यांना १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरला फाशी दिलं. आणि १९४६ चा कायदा, ज्याने शेवटी भारतीयांना नागरिक होता आलं, तो तिथले भारतीय व्यापारी जे. जे. सिंग यांच्यासारख्यांनी वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षं खासदारांच्या मागे लागून करून घेतला. भारतातून येणाऱ्यांचा कोटा किती, तर वर्षाला १०० माणसं. याच कायद्यामुळे नागरिक झालेले दलीपसिंग सौंद, गणितातले पीएचडी पण शेती करणारे, १९५६ ला अमेरिकन संसदेवर निवडून आले.

देशवार कोटे काढून आपल्या लोकांना दार उघडणाऱ्या १९६५ च्या कायद्यामागे काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या चळवळीने बदललेलं वातावरण होतं. ते मोर्चे नसते तर आपल्या डिग्र्या इथेच राहिल्या असत्या.

आणि 'गपगुमान कष्ट'. वैष्णोदास बगाई १९१५ ला पेशावरहून बायको कला आणि तीन मुलांसकट आले, सॅन फ्रान्सिस्कोत दुकान टाकलं, सूट-बूट, इंग्रजी, सगळं तिथल्यासारखं. बर्कलीत घर घेतलं, सामान घेऊन पोचले तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप लावलेलं, आत जाऊच देईनात. १९२१ ला नागरिक झाले, थिंद निकालानंतर नागरिकत्व गेलं, घर-दुकानही गेलं. भारतात नातेवाइकांना भेटायला अमेरिकन पासपोर्ट मागितला, मिळाला नाही, ब्रिटिश पासपोर्ट घ्या म्हणाले, जे नागरिकत्व त्यांनी स्वतःहून सोडलं होतं. १९२८ मध्ये सॅन होजेला खोली घेऊन, गॅस सोडून त्यांनी जीव दिला. मागे पत्र ठेवलं, सोन्याच्या पिंजऱ्यात जगण्यात काय अर्थ आहे असं विचारणारं. कलाबाईंनी मुलं वाढवली आणि १९४६ च्या कायद्यानंतर त्या अमेरिकन नागरिक झाल्या. बर्कलीत आता एका रस्त्याला त्यांचं नाव आहे.