खुनी मला इंटरव्हलच्या आधीच कळला होता

कॉमेडी मर्डर मिस्ट्री बघायला काय लागतं, सोफा आणि वायफाय. खरी कसोटी पिक्चर संपल्यावर असते, कारण तेव्हा मत द्यावं लागतं, आणि नुसताच पिक्चर बघून, हसून, झोपी जाणाऱ्या माणसाला आजकाल ग्रुपवर कोणी विचारत नाही. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे थोडं मार्गदर्शन. उदाहरणाला 'ग्लास अनियन' घेऊ, 2022 चा, रायन जॉन्सनचा, 'नाइव्ह्ज आउट'चा दुसरा पार्ट, कारण त्यावर मत नाही असा माणूस सापडणं अवघड आहे, पिक्चर न बघितलेल्यांचं धरून.

सुरुवात कायम एकाच वाक्याने करा, "खुनी मला इंटरव्हलच्या आधीच कळला होता". नेटफ्लिक्सवर इंटरव्हल नसतो वगैरे फालतू शंका काढणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. घरात बायको किंवा भाऊ शेजारीच बसलेला होता आणि तुम्ही मध्येच "हा सेक्रेटरीनेच मारलाय बघ" असं ठामपणे बोलला होतात, तर त्या माणसाला आधीच गप्प करून ठेवा. आम्ही बाबूराव अर्नाळकर वाचून मोठे झालोय, आम्हाला काय शिकवता, हेही मध्ये टाकून द्यावं, भारदस्त वाटतं.

आता या पिक्चरची गंमतच अशी आहे की खुनी ओळखायचा नाहीच आहे, तो समोरच बसलाय. स्पॉयलर देत नाही हां, फक्त एवढंच सांगतो की ज्याचं बेट आहे, ज्याचं काचेचं घर आहे आणि जो एडवर्ड नॉर्टन आहे, तो अब्जाधीश माइल्स. सगळे त्याला जिनियस समजतात म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नाही, आणि शेवटी डॅनियल क्रेगचा डिटेक्टिव्ह बेन्वा ब्लांक वैतागून सांगतो की अरे यात हुशारी काही नाहीच, हा नुसता मूर्खपणा आहे. म्हणजे "मला आधीच कळलं" हे सांगून तुम्ही डायरेक्टरला हरवत नाही, त्याने जिथे बसा म्हटलं होतं तिथेच जाऊन बसता. पण हे ग्रुपवर कोणाला समजावत बसू नका, तुमचंच नुकसान आहे.

खुनी नाहीच कळला तर? मग "चीटिंग केलीये" म्हणा. अर्धा पिक्चर झाल्यावर कथा मागे जाते, तेच सीन दुसऱ्या बाजूने दाखवते आणि कळतं की ही बाई मुळात ती बाई नव्हेच. हे म्हणजे आपल्याला फसवणं झालं. ग्लासचं घ्या. माइल्सचा पाहुणा ड्यूक पिऊन कोसळतो, तेव्हा माइल्स म्हणतो अरे त्याने चुकून माझा ग्लास उचलला, आणि पडद्यावर लगेच तसं दिसतंही, आणि आपण मान डोलावतो. पण त्याच्या थोडं आधी माइल्सने स्वतःच्या हाताने तो ग्लास त्याला दिलेला असतो, आपल्या डोळ्यांसमोर, काही लपवाछपवी नाही. रिवाइंड करून बघता येतं. करू नका. रिवाइंड केलं की मत बदलतं, आणि एकदा पोस्ट टाकल्यावर मत बदलणं शोभत नाही.

हे झालं प्रेक्षकांचं. तुम्हाला समीक्षक व्हायचं असेल तर सामान वेगळं लागतं. 'लेयर्ड' हा शब्द घ्या, नावातच कांदा आहे, फुकट मिळतोय. 'भांडवलशाहीवरचं सटल भाष्य' असंही लिहा. ज्या पिक्चरमध्ये मोनालिसा जाळतात आणि अख्खं घर स्फोटाने उडवतात त्याला सटल म्हणायला जिगर लागते, ती दाखवा. आणि इलॉन मस्कचा उल्लेख हवाच. स्क्रिप्ट 2020 ची, मस्कने ट्विटर घेतलं ऑक्टोबर 2022 मध्ये, पिक्चर आला नोव्हेंबरात, तरी "हा सगळा त्याच्यावरच आहे" असं छातीठोकपणे म्हणता येतं. तारखा बघणं हे समीक्षकाचं काम नाही.

लोक मग रॉटन टोमॅटोज, म्हणजे समीक्षकांची मतं गोळा करणारी वेबसाइट, तोंडावर फेकतील, 90 च्या वर आहे म्हणतील, म्हणजे जणू बोर्डात डिस्टिंक्शन. तिथे 90 टक्के म्हणजे 100 पैकी 90 मार्क नव्हेत, 100 पैकी 90 समीक्षकांना पिक्चर बरा वाटला एवढंच, त्यात कोणी 'ठीके, चालेल' म्हटलेलंही धरतात. पण हे सत्य सोयीने वापरायचं. आवडला असेल तर आकडा सांगा, नसेल आवडला तर आकडा कसा काढतात ते सांगा.

ज्ञान म्हणून आयफोनची गोष्ट ठेवा हाताशी. जॉन्सनने 2020 मध्ये सांगून टाकलं की ॲपल व्हिलनच्या हातात आयफोन दिसू देत नाही, तेव्हापासून अर्धी जनता मर्डर मिस्ट्रीत चेहरे सोडून फोनच बघत बसते. ऑस्करचंही सांगा, 'अडॅप्टेड' स्क्रीनप्लेमध्ये नॉमिनेशन मिळालं, कुठल्या पुस्तकावरून घेतलंय म्हणून नाही तर डिटेक्टिव्ह आधीच्या पिक्चरमधला आहे म्हणून. हे ऐकून समोरचा दोन मिनिटं गप्प होतो, तेवढ्यात विषय बदला.

एक गोष्ट मात्र चुकूनही सांगायची नाही, की तुम्ही हसलात का. मे 2020 चा लॉकडाऊन, सगळे बेटावर निघालेत, आणि केट हडसन धक्क्यावर येते ती जाळीचा मास्क लावून, चकचकीत, भोकाभोकांचा, त्यातून विषाणूच काय मधमाशीसुद्धा जाईल. यावर तुम्ही सोफ्यावर खिदळलेला होतात, मला माहितीये. पण लिहिताना 'ह्यूमर ठिकठिकाणी फोर्स्ड वाटला' असंच लिहायचं. कॉमेडीला हसलो हे कबूल करणारा माणूस गंभीर प्रेक्षक नसतो, आणि मिस्ट्रीत फसलो हे कबूल करणारा हुशार नसतो, मग उरतं काय, तर 'सिनेमॅटोग्राफी छान'.

2025 मध्ये तिसराही आलाय, 'वेक अप डेड मॅन', चर्च आहे, पाद्री आहे, ब्लांक आहेच. त्याच्यासाठी 'दुसऱ्यापेक्षा बरा पण पहिल्याची सर नाही' हे वाक्य आत्ताच टाइप करून ड्राफ्टमध्ये टाकून द्या. पिक्चर सवडीने बघा, घाई नाही.